वेणी होईपर्यंत

१० नोव्हें. ६३, सातारा
काल सांगलीहून परतलो. सुलू बाळंतपणाला माहेरी गेली होती, ती आणि बाळ, दोघंही गेली. सगळं तिथंच उरकलं. बेबी इथेच होती, तिच्या आत्याजवळ, आक्काजवळ. सात वर्षांच्या पोरीला कुठं न्यायचं.
दहाव्याचं लिहून ठेवतो. घाटावर पिंड ठेवला. कावळे चिंचेवर बसलेले, एक उतरेना. मेहुणे मोठ्यानं म्हणाले, पोरीला शिकवू. सासूबाई म्हणाल्या, मी सांभाळीन तिला. दर्भाचा कावळा करायची तयारी सुरू झाली. मी मनात म्हणालो, रोज सकाळी बेबीची वेणी मी घालीन, तुझ्यासारखी नवी गोष्ट सांगत. एवढंच सुचलं. का, माहीत नाही.
कावळा लगेच आला.
सासूबाईंनी विचारलं, "ओठ हलले तुमचे. काय बोललात?" काही नाही म्हणालो.

११ नोव्हें.
बेबीला पाटावर बसवलं. फणी अडकली. ती वाट बघत होती. सु. रोज वेणी होईपर्यंत गोष्ट सांगायची, वेणी संपली की गोष्ट तिथंच तुटायची. मला एक वाक्य येईना. ‘एक राजा होता’ म्हणालो आणि राजाचं पुढे काय ते नाही. बेबी अर्ध्या वेणीनं उठून गेली. शाळा नाही, जेवण नाही.
आक्का म्हणाली, "आरं सदा, ही वेणी हाय का बैलाचं दावं?"

१३ नोव्हें.
दोन दिवस तेच. पोर चहात बुडवून अर्धा पाव खाते, बस्स. आक्काला केसांना हात लावू देते, पण मान खाली घालून, बाहुलीसारखी.
सांगलीचं पत्र. सासूबाई लिहितात, पुरुषाच्या हातून हे व्हायचं नाही, संक्रांतीला येते, मुलगी खात-पीत शाळेत जात नसेल तर घेऊन जाईन. खोटं काही लिहिलेलं नाही. ‘बरं’ म्हणून उत्तर टाकलं.

१४ नोव्हें.
कचेरीत नकाशा काढताना सुचलं. मोजणीला गेलो की आधी पक्क्या खुणा धरतो, विहीर, देवळाचा कळस, हद्दीचा दगड. त्या धरल्या की बाकीचं रान आपोआप बसतं. गोष्टीचं तसंच करायचं. माणूस कोण, जागा कोणती, अडलंय काय. कचेरीतून घरी येताना ठरवायचं. रोज एकच. जास्त सुचलं तरी एकच.
भागू नावाची बाई. नदीपलीकडचा बाजार. पूर आला, भागू पलीकडेच अडकली.

१५ नोव्हें.
जमलं. बेबी हलली नाही. शेवटी रिबीन बांधताना "मग?" म्हणाली. उद्या, म्हणालो.
दप्तर घेऊन गेली.

२० नोव्हें.
एक गोष्ट कळली. सगळं सांगून टाकायचं नाही. पुढे काय ते ठाऊक असतानाच थांबायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी तोंड उघडायला भीती वाटत नाही. वेळ एकच, चहानंतर. दाढी त्याच्या मागून. पाट खिडकीपाशी. रविवारीसुद्धा.
भागूला आत्तापर्यंत भेटले: शेपूट हरवलेला कुत्रा, बोलणारा रांजण, उलटी चालणारी म्हातारी. बेबी दीड भाकरी खाते.

२५ नोव्हें.
हल्ली ठरवावं लागत नाही. कचेरीच्या पायऱ्या उतरायच्या आधीच उद्याचं तयार असतं. बरं वाटायला हवं. वाटत नाही.
आज सांगता सांगता "आन् मग गं बाई" असं निघून गेलं. मी असं बोलत नाही. आत आक्काच्या हातातलं उलथणं पडलं. बेबी शाळेत गेल्यावर म्हणाली, "तुझ्या तोंडानं ती बोलली रं. लय भ्या वाटलं."
असं काही नसतं, म्हणालो.

३ डिसें., मेढा
तीन दिवस फिरती. साहेबांना नाही म्हणता आलं नाही. आज पहिला खाडा. दिवसभर मोजणीची साखळी ओढताना तेच डोक्यात. घाटावर मी ‘रोज’ म्हणालो होतो.
फील्डबुकाच्या कडेला परतल्यावरची गोष्ट लिहून ठेवली. भागूला नावाडी भेटतो. आंधळा आहे. वल्ह्याच्या आवाजावरून पाणी किती खोल ते सांगतो. चांगली आहे. मला स्वतःलाच आवडली.

५ डिसें.
संध्याकाळी परत. आक्का दारातच. "तिन्ही दिस वेळंला पाट मांडून बसली बघ. मी म्हनलं, बाय, मला गोष्ट येत न्हाई. तर म्हनली, तू वेणी घाल आत्या, गोष्ट चाललीया. आन् आपली हूं, हूं करती मधनंमधनं. मी कशीबशी वेणी उरकली."
बेबी मात्र टवटवीत होती.

६ डिसें.
सकाळी सुरुवात केली. भागू घाटावर आली, तिथं एक नावाडी.
बेबी म्हणाली, "आंधळा."
माझ्या हातातले पेड सुटले. फील्डबुक माझ्या पिशवीत आहे. तिनं ते उघडलेलं नाही. तुला कसं ठाऊक, विचारलं.
"आईनं सांगितली की. कवाच. तुमी पलीकडं दाढी करत होता आप्पा."
आणि कुत्रा? "तो पण." रांजण? "समदं आईचंच हाय. तुमी चुकवता मधी मधी. म्हातारी उलटी चालत न्हाई, तिचं पाय उलटं हायत."

८ डिसें., रविवार
दोन दिवस तेच घोळतं आहे. दोन वर्षं मी रोज सकाळी, सु. गोष्ट सांगत असताना, आरशासमोर उभा राहिलो. मला वाटायचं मी ऐकत नाही. तिच्याशी त्या वेळी एक शब्द बोललेलो आठवत नाही. पाणी गरम आहे का, एवढं विचारत असेन. आणि सगळं आत जाऊन बसलेलं. मी म्हणत होतो, मला सुचतं.
भागू घरी येते का, असं बेबीला विचारलं. तिला शेवट माहीत असेल तर तोच सांगेन.
"आईनं सांगितला न्हाई. म्हनली, सांगलीवरनं आल्यावर सांगते."

९ डिसें.
आज नावाड्यापर्यंतचं संपलं. भागू नावेत बसली, पाणी वाढतं आहे. ह्यापुढचं ह्या घरात कुणी कधी सांगितलेलं नाही. कचेरीतून लांबच्या वाटेनं आलो. अदालतवाड्याकडून वर चढलो, खाली उतरलो. माणूस आहे, जागा आहे, अडलेलं आहे. पुढे काळं.
भागूला घरी आणणं सोपं आहे. एका वाक्यात येईल. मग बेबी आईची वाट बघत दारात बसेल. नाही आणलं तर पुन्हा पाटावरून उठून जाईल, आणि संक्रांतीला सासूबाई येतील त्या रिकाम्या हातानं जाणार नाहीत.
जेवताना आक्का म्हणाली, "सांग की काय बी. पोरगंच हाय." काय बी सांगून चालणार नाही, हे आक्काला कसं सांगू.

१० डिसें.
सकाळी तेल जास्त लावलं. वेळ काढत होतो.
म्हणालो, नाव पालथी झाली. नावाडी पोहत आला. भागू नाही आली.
बेबीचा खांदा कडक झाला. आक्का स्वैपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मी पेडावर पेड टाकत राहिलो. हात थांबवले असते तर मलाच पुढं जमलं नसतं.
बेबी म्हणाली, "मग सांजचं तिच्या कोंबड्या कोण झाकतं?"
हे मला माहीत नव्हतं. कोंबड्या आहेत हेच माहीत नव्हतं. म्हणालो, "तिचा नवरा."
"त्याला येतंय?"
"नाही येत. डालगं टाकेपर्यंत पळतात. काल एक मांजरानं नेली."
रस्त्यावरून शाळेची पोरं चालली होती, त्यांचा गलका आत येत होता.
"किती उरल्यात?"
वेणी झाली होती. रिबीन बांधून गाठ मारली. बेबी पाटावरून उठली नाही.