जिभेच्या दोन वाटा

आप्पा,

आज मेडिकल कॉलेजात, पहिल्या वर्षाच्या वर्गात, मुलांच्या हातात आरसे दिले आणि जिभेचं टोक टाळूला लावायला सांगितलं. तसं केलं की जिभेखाली दोन बाजूंना दोन निळसर रेघा दिसतात. त्या शिरा, रक्त परत नेणाऱ्या. रक्त आणणारी धमनी त्यांच्या शेजारूनच जाते, पण खोलातून, त्यामुळे ती दिसत नाही. दरवर्षी मी हे शिकवते. मुलं एकमेकांची तोंडं बघून हसतात आणि मला तेवढ्यात शिरूरहून दौंडला निघालेली एसटी दिसायला लागते.

तुम्ही त्या गाडीचे कंडक्टर. मी लहान, सुट्टीत दौंडला मावशीकडे निघालेली, खिडकीला डोकं टेकून बसलेय. उसावरून गार वारा येतोय, डोळे मिटताहेत आणि तुम्ही गावांची नावं घेताय. न्हावरा. चौफुला. पाटस. नावाचं शेवटचं अक्षर जरा लांबवायचं आणि मग दोरी ओढून घंटी द्यायची, ही तुमची रीत. पेंगणारी म्हातारी माणसं तेवढ्यानं जागी होऊन पिशव्या सावरायची. मला वाटायचं, तुम्ही नाव घेता म्हणूनच ते गाव रस्त्याच्या कडेला येऊन उभं राहतं.

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी मी पुण्याला डॉक्टरकीला लागले. एका रविवारी घरी आले तर तुम्ही दुधात भाकरी कुस्करून खात होता. कालवण झोंबतं, म्हणालात. मी बळेच तोंड उघडायला लावलं. ज्या बाजूला तंबाखू धरायचात, त्याच बाजूला जिभेच्या कडेवर एक पांढुरकी जखम होती. बोट लावलं तर कडक लागली. तुम्ही माझा हात झटकलात. “मी काय तुमच्या टेबलावरचा मुडदा हाय व्हय, चाचपायला?” चुलीपुढून आई म्हणाली, “शिकतीया पोरगी, बघू द्या की.” त्या दिवशी तुम्ही माझ्याशी पुन्हा बोलला नाहीत. पण पुढच्या आठवड्यात धुतलेला सदरा घालून पुण्याला आलात.

सर्जननी स्पष्टच सांगितलं. कॅन्सर आहे, जिभेची उजवी बाजू काढावी लागेल, उशीर केला तर तेवढ्यावर भागणार नाही. तुम्ही मान डोलावलीत, मला वाटलं कबूल झालात. शिरूरला पोचल्यावर मात्र चपला काढता काढता म्हणालात, “अर्ध्या जिभंनं चौफुला कसा म्हनायचा? ऱ्हाऊ दे. जाईल ती माझ्यासंगंच जाईल.”  आईनं आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला आणि तुमच्यापुढे ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई भाकऱ्या थापत होती. धुरात उन्हाची तिरीप आली होती. तुम्ही उंबऱ्याशी बसला होता. मी परातीतलं पीठ तळहातानं सपाट केलं, त्यात बोटानं जीभ काढली आणि मधोमध एक रेघ ओढली. मग खालून, गळ्याकडून, दोन्ही अंगांनी दोन वाटा वर आणल्या.

“आप्पा, ही उजवीकडची रक्ताची नळी, ही डावीकडची. दोन्ही गळ्यातून निघतात, हनुवटीखालच्या हाडाजवळ वळण घेतात आन् जिभेत शिरतात. मधी हा पडदा हाय. टोकाला जरा भेटतात, बाकी ज्याचं त्याचं रगत येगळं. सर्जन आधी गळ्यातच उजवी बांधतील, म्हंजी रक्तस्राव व्हायचा न्हाई.”

तुम्ही परातीजवळ सरकलात. “आन् उजवी बांधली तर डावी सुकंल?”

“न्हाई. तिची वाट चालूच ऱ्हाती.”

तुम्ही गळ्यावर दोन बोटं ठेवलीत, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. दोन्हीकडे ठोका लागला असावा. आई हात थांबवून तुमच्याकडे बघत होती. “मला गानं न्हाई ऐकायचं,” ती हळूच म्हणाली. “नुसती हाक मारली तरी बास.” तुम्ही उठलात आणि बाहेर जाऊन तोंडातली तंबाखू थुंकून आलात.

ऑपरेशन नीट झालं. गळ्यातली श्वासाची नळी निघाल्यावर तुम्ही पहिल्यांदा आईला हाक मारलीत. ती कुणालाच कळली नसती, पण आई उठून उभी राहिली. पुढे दौंडच्या स्टँडवर तुम्हाला हलकं काम मिळालं आणि गाडीवरची कंडक्टरकी सुटली. एकदा आपण दोघं त्याच रस्त्यानं शेजारी बसून घरी निघालो होतो. नवा कंडक्टर स्टॉप आले की नुसती घंटी द्यायचा, नाव घ्यायचा नाही. मला झोप लागत होती. तुम्ही खिडकीकडे तोंड करून पुटपुटत होता. शौफुला. थौफुला. पुन्हा, पुन्हा. गाडी थांबता थांबता तो ‘च’ नीट आला आणि पुढच्या सीटवरची एक म्हातारी पिशवी घेऊन उठली. तुम्ही माझ्याकडे वळून पाहिलंत. मी झोपेचं सोंग घेतलं, कारण तुमचे डोळे भरले होते. त्यानंतर पुष्कळ वर्षं तुम्ही होता. अर्ध्या जिभेनं भांडलात, नातवंडांना रागावलात, आईला हाका मारल्यात.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून एक सांगून टाकते. त्या गाडीतली नावं मी वर लिहिली ती नुसती शब्दांनी आठवतात. तुमचा आधीचा आवाज माझ्याकडे उरलेला नाही, कितीही कान दिला तरी येत नाही. पहाटे कधी कुणी हाक मारल्यासारखं वाटून जाग येते, तो आवाज नंतरचाच असतो, जरा जड, बोबडा. आणि मला तोच तुमचा वाटतो.