आई, रंग ओला आहे!

आदरणीय दादा,

मेहुण्याचा मनापासून नमस्कार. तुमच्या कमरेची उसण उतरली का? वहिनींचा खोकला काय म्हणतो? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. आई तर जरा जास्तच मजेत आहेत, आणि पत्र त्याबद्दलच आहे. (उभ्याने वाचत असाल तर खुर्ची ओढून घ्या.)

तुम्ही दर फोनला आईंना बजावता, की या वयात धावपळ करू नकोस. त्यांनी ते तंतोतंत ऐकलं आहे. धावपळ सोडली. आता त्या नुसत्या धावतात.

झालं असं, की मैदानावर शर्यतीच्या पट्ट्यांच्या पांढऱ्या रेषा रंगवायचं काम मला मिळालं. आई दुपारचा डबा घेऊन आल्या, तेव्हा तिथे सत्तरी ओलांडलेल्या बायकांचा सराव चालला होता. त्यांना शिकवणारे गृहस्थ तोंडातली शिट्टी न काढता बोलतात, म्हणून त्यांना सगळे शिट्टीमास्तरच म्हणतात. आईंनी थोडा वेळ पाहिलं, डबा माझ्या रंगाच्या बादलीवर ठेवला आणि सरळ त्यांच्यात जाऊन उभ्या राहिल्या. शिट्टी वाजली. दादा, तुमची आई बाकीच्यांच्या पुढे निघून गेली! मास्तरांच्या तोंडातली शिट्टी खाली पडली. (मी डबा वाचवायला धावलो, तो रंगातच गेला.)

घरी हे ऐकून तुमची बहीण घाबरली. मी मात्र दुसऱ्या दिवशी मैदानावर समजावणीच्या सुरात आईंना सांगितलं, की माणसाच्या वेगाला मर्यादा असते. जगातला सगळ्यात वेगवान गडीसुद्धा घोड्यापुढे टिकत नाही. पाऊल जमिनीला टेकतं न टेकतं तोच उचलावं लागतं, तेवढ्यात जोर तरी किती लावणार? मास्तर मध्येच म्हणाले, "अहो, शंभर मीटर दहा सेकंदांच्या आत कुणी धावणारच नाही, असंही लोक म्हणायचे. पोरं धावली की!" आईंनी मला विचारलं, "माझी मर्यादा कुणी मोजली आहे का?" मी म्हटलं, "नाही बुवा." "मग मोजू या," त्या म्हणाल्या.

दादा, बाबा गेल्यापासून खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असायच्या त्या. आता पहाटे मलाच हलवून उठवतात. तुम्ही त्यांना थांबवाल म्हणून तुम्हाला कळवायचं धाडस आम्हा दोघांचंही झालं नाही, ते त्यांच्याकडे बघूनच.

त्याच मैदानावर ज्येष्ठांची धावण्याची स्पर्धा रविवारी झाली. त्यांच्या वयोगटाचा जुना विक्रम मोडेल, अशी कुजबुज होती. आयोजकांना ऐनवेळी अंतिम रेषा फिकी वाटली, म्हणून मी सकाळी तिच्यावर आणखी एक हात फिरवला. आई सुटल्या त्या वाऱ्यासारख्या. मी ओरडून ओरडून घसा बसवला. आणि रेषेपाशी येऊन त्या चक्क थांबल्या! रंग ओला होता ना. रंगाऱ्याच्या घरात राहून त्यांच्या अंगात इतकं मुरलं आहे, की ओल्या रंगावर त्यांचा पाय पडतच नाही. त्यांनी खाली पाहिलं, अंदाज घेतला आणि टुणकन उडी मारून पलीकडे गेल्या. तोवर शेजारच्या पट्टीतल्या निवृत्त शिक्षिका रेषा तुडवत पहिल्या आल्या होत्या. (पांढरी पावलं थेट बक्षिसाच्या टेबलापर्यंत उमटली. पुसायला मीच.)

विक्रम हुकला. मास्तर म्हणाले, त्या थांबल्या नसत्या तर नक्की मोडला असता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आई धापा टाकत हसत होत्या. "जावईबापू, म्हणजे अजून वेग शिल्लक आहे," एवढंच म्हणाल्या. त्यांना असं हसताना मी कितीतरी दिवसांनी पाहिलं. म्हणून म्हणतो, रागवायचं तर माझ्यावर रागवा, त्यांना थांबवू नका.

तुमचा,
मेहुणा

ता. क. पुढची स्पर्धा तुमच्याच शहरात आहे. आई आठवडाभर तुमच्याकडे उतरतील. पहाटे दार उघडून द्यायला कुणीतरी लागेल.

ता. क. त्याच दिवशी एका कुटुंबातल्या चौघांची रिले शर्यत आहे. आई, तुमची बहीण आणि मी, असे तिघे झालो. चौथं नाव तुमचं दिलं आहे. फी भरून झाली.

ता. क. आईंनी शेवटचा टप्पा तुम्हाला दिला आहे. मी म्हटलं, "दादांना जमेल का?" तर म्हणाल्या, "शाळा सुटली की सगळ्या गल्लीत पहिला घरी पोचायचा तो. मी दारात उभी राहून बघायची ना."