राखाडी शर्टाची डावी बाही

दि. ४ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पोचले. खोली बरी आहे, जेवण बेचव आहे, आणि हो, स्वेटर घालते, नको रागावूस.

मी कपडे शिवायला आलेय तो सिनेमा आपल्या आत्याच्या खुनाचा. खरं म्हणजे पोलिसांनी तपासात घातलेल्या गोंधळाचा. तिचं शिवणघर इतकं हुबेहूब उभारलंय की आत जाताना माझ्या चपला आपोआप निघाल्या. आणि सल्लागार कोण, तर त्या वेळचे तपास अधिकारीच! निवृत्त झालेत. स्वतःच्या चुका रंगवून सांगतात: चिखलाचे बूट घालून आत शिरलो, फरशी पुसून घेतली, खुनाची कात्रीच हरवली, आणि दार फोडून मदतीला धावलेल्या भावालाच धरलं. सगळे पोट धरून हसतात. तो भाऊ म्हणजे आपले अण्णा, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

मशीनवर अर्धवट शिवलेलं काहीतरी हवंय. त्या दिवशी काय होतं गं? तू आत्याच्या हाताखाली शिकत होतीस ना?

अण्णांना नमस्कार. माझ्यावर आहे तेवढी माया पुरे, वाढवलीस तरी चालेल.

तुझी,
भिंगरी


दि. ९ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

अण्णा ठीक. दारावर थाप पडली की अजून उठून उभे राहतात. पुराव्याअभावी सुटले, निर्दोष आहेत असं कुणी म्हटलं नाही. त्यांच्या देखत कुणीतरी ते म्हणावं, एवढंच मला हवंय. तुझा सिनेमा म्हणणार असेल तर सगळं सांगते.

राखाडी शर्ट होता. काजं मी केली होती. डावी बाही दोन बोटं आखूड दिसली, म्हणून मी आत्याला चिडवलं, की आता चष्मा घे. ती म्हणाली, कापडाकडे काय बघतेस, त्या माणसाचा हातच तेवढा आहे. माणूस मी कधी पाहिला नाही. मी घरी गेल्यावरच तो यायचा. त्या अधिकाऱ्याने कात्री त्याच शर्टात गुंडाळून नेली, हे मी दारातून पाहिलं. कोर्टात दोन्ही आलं नाही. मी सांगितलं, तर म्हणाले, पोर घाबरलीय.

जपून राहा. आशीर्वाद पाठीशी आहेतच.

ताई


दि. १७ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

शर्ट शिवला, तू सांगितलास तसाच. सल्लागार साहेब म्हणत होते शर्ट नव्हताच, जुनं फडकं होतं. दिग्दर्शकांनी माझं ऐकलं. नटाने गंमत म्हणून अंगात घातला, तर डावं मनगट उघडं! माझ्या शिवणकामाची यथेच्छ टर उडाली.

काल साहेबांच्या अंगावर चहा सांडला. कुणीतरी तोच शर्ट पुढे केला, त्यांनी बोलता बोलता चढवला. ताई, दोन्ही कफ मनगटावर बरोबर बसले. लोक ओरडले, साहेब, तुमच्याच मापाचा की! ते पहिल्यांदाच हसले नाहीत. डाव्या कफाकडे बघत राहिले.

पुढच्या शॉटला कपडे तसेच दिसावेत म्हणून आम्ही फोटो काढून ठेवतो. सवयीने मी त्यांचाही काढला. मग ते जवळ आले आणि हळूच विचारलं, माप कुणी दिलं. माझ्या तोंडून निघून गेलं, ताईने. तुझं शिवणाचं दुकान कुठे तेही.

आज ते सेटवर आलेले नाहीत. दार लावून घे. मला माफ कर आणि तुझीच समज.

भिंगरी


दि. २२ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र हातात पडायच्या आधीच ते येऊन गेले. भर दुपारी, हसतमुख. शर्ट शिवायचाय म्हणाले, राखाडी. मी टेप लावला. डावा हात मोजला आणि माझी बोटं तिथेच थांबली. तेव्हा म्हणाले, दोन्ही बाह्या सारख्या ठेव. निघताना वळून विचारलं, तेव्हा दारात उभी होतीस ती तूच ना? मोठी झालीस.

तीस तारखेला न्यायला येणार आहेत. बाह्या मी आत्याने कापल्या होत्या तशाच कापल्यात. अण्णांच्या वकीलबाई त्या दिवशी दुकानात बसणार आहेत. तू तो फोटो घेऊन तडक ये.

अण्णांनी आवाज ओळखला असावा. मी माप घेत असताना ते आतून आले. माझ्या टेबलावरची, त्या माणसाच्या हाताशी असलेली कात्री उचलली आणि लेकराला पदराखाली घ्यावं तशी छातीशी धरून आत घेऊन गेले.

वाट पाहते.

तुझी ताई