समोरच्या दारास, कललेल्या दोरीबद्दल

श्री. सुतारमहाशय यांस,

समोरच्या दारातल्या पोस्टमास्तराचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे तो खुर्चीत बसूनच घातला आहे, भावना आडव्या पडल्या आहेत असं समजावं). तुझी तब्येत बरी असेल अशी आशा करतो, असं लिहायचा रिवाज आहे. पण तुझी तब्येत कशी आहे हे तुझ्यापेक्षा मलाच जास्त ठाऊक आहे. खोकला मंगळवारपासून जरा सुटा झालाय, रंधा मारताना तू मधेच दोनदा थांबतोस, आणि कपात चहा तसाच ठेवून विसरतोस. आपल्या दोन दारांमध्ये गल्लीची फक्त अकरा पावलं आहेत आणि माझे कान अजून शाबूत आहेत. आमच्याकडे सगळे ठीक. आमची ही तुला आशीर्वाद सांगते आहे, आणि मला काय सांगते आहे ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

अकरा पावलांवर राहणाऱ्या माणसाला तिकीट लावून पत्र कशाला, असं म्हणून कपाळाला आठ्या घालू नकोस. मी हाक मारली की तू करवत सुरू करतोस. गेल्या आठवड्यात तर कापायला लाकूड नव्हतं तरी सुरू केलीस, मी खिडकीतून पाहिलं. पण टपालापुढे करवत चालत नाही. आलेलं पत्र घ्यावंच लागतं (म्हणजे नाकारता येतं, पण त्यासाठी एक फॉर्म भरावा लागतो, आणि तो फॉर्म घ्यायला तुला माझ्याच खिडकीवर यावं लागेल. बघ बुवा).

तू इथे यायचा थांबलास त्या तीन महिन्यांत काय काय झालं ते ऐक. पहिल्याच आठवड्यात तिकिटांचा खण अडकला. तू असतास तर तळहाताची एक थाप मारून उघडला असतास. मी आधी साबण लावला, मग तेल, मग पाय लावून ओढला. खण निघाला आणि मी त्याच्यासकट मागच्या भिंतीवर. तिकिटांना तेल लागलं. गावातली पत्रं महिनाभर तेलकट गेली आणि वरच्या ऑफिसातून मला लेखी विचारणा झाली. मग खुर्चीचा पाय डुगडुगायला लागला. त्याला मी स्वतः सरस लावला, तो वाळेपर्यंत वर कोणी बसू नये म्हणून पहारा करायला तिथेच टेकलो, आणि त्या दिवशी पोस्टाचं सगळं काम मला खुर्चीसकट करावं लागलं. आमच्या हिने विजारीचा मागचा भाग कात्रीने कापून सुटका केली आणि संध्याकाळपर्यंत ती हकीकत शेजारणींना सोदाहरण सांगितली. बुद्धिबळ मी एकटाच खेळतो. दोन्ही बाजूंनी. तुझ्या बाजूने बसलो की मला चांगलं सुचतं, त्यामुळे मी सारखा हरतोय.

आणि तू? तू काय केलंस? एक तिकीट, फक्त एक तिकीट घ्यायला शेजारच्या गावच्या पोस्टात सहा किलोमीटर चालत गेलास! तिथल्या पोस्टमास्तरीणबाईंनी मला फोन करून विचारलं, तुमच्याकडची तिकिटं संपली का हो? मी म्हटलं, हो, संपली. माझ्या खणात तेव्हा चारशे तिकिटं होती (पैकी दीडशे बिनतेलाची). फोन ठेवून मी ती सगळी पुन्हा मोजली.

आता मूळ गोष्टीकडे येतो. तू म्हणशील, हा नेहमी गावाला वळसा घालूनच मुद्द्याकडे येतो. येतो खरा. टेकडीवर सात पवनचक्क्या उभ्या करायच्या, हा प्रस्ताव घेऊन कंपनीचा इंजिनियर आला तेव्हा गावात त्याला पहिला चहा मी पाजला. माणूस सरळ होता. चक्क्या केवढ्या उंच असतील हे लोकांना आधी डोळ्यांनी दिसलं पाहिजे, असा त्याचाच आग्रह. म्हणून तो लाल फुगा आणला, आमच्या पोस्टाच्या खोलीएवढा, आणि दीडशे मीटर दोरी. फुगा टेकडीवरून सोडायचा, दोरी संपेपर्यंत वर जाऊ द्यायचा, म्हणजे पात्याचं टोक कुठवर पोचेल ते कळेल. फक्त वारा पडलेला दिवस हवा. तो दिवस ठरवून कळवायचं काम त्याने माझ्यावर सोपवलं आणि सूचनांचा एक कागद दिला. त्यातली तिसरी ओळ अशी होती, की वारा असल्यास दोरी कलते आणि उंची फसवी दिसते.

मी वाऱ्याचा दिवस ठरवला. त्यावेळी स्वतःला सांगितलं, की पवनचक्क्या दाखवायच्या आणि त्याही बिनवाऱ्याच्या दिवशी, हे काही शोभत नाही. लोकांना वारा दिसला पाहिजे. किती हुशार युक्तिवाद होता तो! मी तर स्वतःला लगेच पटलो. इंजिनियर आला, टोपी सांभाळत म्हणाला, वारा जरा जास्तच आहे. पण त्याला दुपारी दुसऱ्या गावी पोचायचं होतं, म्हणून फुगा सोडला. फुगा वर गेला आणि तसाच आडवा होऊन पाण्याच्या टाकीच्या दिशेने झुकला. खाली सगळं गाव जमलेलं. एवढंच? हे तर टाकीपेक्षा थोडं वर, असं म्हणून लोक घरोघर गेले. जाताना इंजिनियरने मला दोनदा बजावलं, सभेत सांगा हं, दोरी कललेली होती, खरी उंची पुष्कळ जास्त आहे. मी हो म्हटलं.

सभा तुझ्याही लक्षात आहे, पण मला लिहू दे, कारण तीन महिने मी ती रोज मनातल्या मनात भरवतोय आणि दर वेळी वेगळं उत्तर देतोय. शाळेची मोठी खोली, अध्यक्षबाई टेबलाशी, आपण सगळे मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून. हात वर करायची वेळ आली तेव्हा तू उठलास. खिशातून ओळंबा काढलास, दोरा दोन बोटांत धरून लोंबता सोडलास, तो हलायचा थांबेपर्यंत थांबलास (तोवर अख्खी खोलीही थांबली) आणि म्हणालास, "पोस्टमास्तर, तू दोरीपाशी होतास. ती अशी सरळ होती का?"

मी म्हणालो, "होती."

मागून कोणीतरी म्हणालं, सुताराला आता आभाळाला चौकट बसवायचीय. लोक हसले. मित्रा, मीही हसलो. तू दोरा गुंडाळलास, ओळंबा खिशात टाकलास आणि बसलास. मग एक सोडून सगळे हात वर गेले.

मी असं का केलं ते तुला माहीत आहे, तरी लिहितो. पाती न्यायला कंपनी टेकडीवरून रस्ता करणार होती. टेकडीपलीकडे माझी लेक. वळसा घालून बसने जायचं तर अर्धा दिवस मोडतो, आणि नात माझ्याशी फोनवर बोलते ती दूरच्या पाहुण्याशी बोलावं तशी. रस्ता झाला की ती दर रविवारी येईल, हे मी मनात इतकं पक्कं केलं होतं की तिच्यासाठी पोस्टाच्या अंगणात झोपाळा कुठे टांगायचा तेही ठरवलं (तो बनवणार अर्थातच तू). आणि हेही मला माहीत होतं, की तो रस्ता वहिनींच्या झाडांमधून जातो. त्या गेल्या त्याआधीची तीन वर्षं त्यांनी कळशीने पाणी घालून जगवलेली ती रांग. तुझ्या रंध्याच्या टेबलासमोरची खिडकी तू नेमकी तिकडे का काढलीस ते गावात मला एकट्यालाच ठाऊक आहे. सभेत तू त्या झाडांचं एक अक्षर काढलं नाहीस. काढलं असतंस तर निम्मे हात खाली आले असते. तू फक्त दोरीबद्दल विचारलंस, कारण तेवढंच सगळ्या गावाचं होतं.

पवनचक्क्या वाईट असं माझं अजूनही म्हणणं नाही. खरी उंची कळूनही लोकांनी कदाचित हात वर केलेच असते. पण ते ठरवायचं त्यांनी होतं, आणि मी त्यांना खोटा फुगा दाखवून बसलो. आणि लेकीचं ऐक. परवा फोनवर तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, बस येते की. तुम्ही कधी ये म्हणालातच नाही." एवढा दीडशे मीटरचा उपद्व्याप, आणि मी पोरीला नुसतं ये म्हणालो नव्हतो.

मग त्या तुझ्या एका तिकिटाचं उत्तर आलं. जिल्हा कचेरीतून, पवनचक्क्यांवर सोमवारी सुनावणी असल्याची नोटीस, पोस्टाच्या भिंतीवर लावण्यासाठी. ती मीच लावली, चार कोपऱ्यांना चार टाचण्या. खाली तुझी हरकत जशीच्या तशी छापली आहे. फुगा सोडला तेव्हा दोरी कललेली होती, ही बाब कोणाच्या तरी नजरचुकीने सभेपुढे आली नाही. नजरचुकीने! गडबडीत टाचणी बोटात गेली. तुला माझं नाव लिहिता आलं असतं. तू सहा किलोमीटर चालत गेलास ते माझ्यावरच्या रागाने, असं मी इतके दिवस समजत होतो. ती हरकत माझ्याच खिडकीतून, माझ्याच हातून पाठवायला तुला माझ्यासाठीच संकोच वाटला, हे आता कळलं. माझी नजर चुकली नव्हती रे. मी दोरीकडे बघतच होतो.

लांबलं पत्र. थोरांना नमस्कार सांगावा म्हटलं तर आता आपल्या गल्लीत थोर आपणच उरलोय. तेव्हा आपला आपल्याला.

तुझा,
पोस्टमास्तर

ता.क. : खुर्चीचा पाय आता बरा आहे. खरं तर तो डुगडुगत नव्हताच. तुझ्या खुर्चीवर कोणी बसत नाही म्हणून मी उगाच तिच्यात खोट काढत होतो.

ता.क. २ : एवढी पानं लिहिली ती एका विनंतीसाठी. सोमवारी सुनावणीत मी उभा राहून सांगणार आहे, की दोरी कललेली होती, ते मला माहीत होतं, आणि सुताराला मी सगळ्यांसमोर खोटं पाडलं. तू माझ्याशी बोलायला हवंस असं नाही. फक्त ओळंबा घेऊन ये आणि पहिल्या बाकावर तो धरून बस. माझी जीभ ऐन वेळी वाकडी होते, हे आता सगळ्यांत चांगलं तुलाच माहीत आहे.

ता.क. ३ : पत्र पोस्टमनकडे दिलं होतं. त्याने परत आणलं. म्हणतो, गावातल्या सगळ्या दारांना सुताराने टपालपेट्या बसवल्यात, त्याच्या स्वतःच्या दाराला नाही, टाकू कुठे? मग आठवलं. मीच तुला एकदा विचारलं होतं, तुझ्या दाराला पेटी का नाही? तू म्हणाला होतास, मला कोण लिहिणार, जो लिहील तो समोरच राहतो. तर तो समोरचा पत्र हातात घेऊन तुझ्या पायरीवर बसला आहे आणि या शेवटच्या ओळी गुडघ्यावर कागद ठेवून लिहितो आहे. आत करवत चाललेली ऐकू येतेय. लाकूड नाहीये, मला माहीत आहे. दार उघड.