गॅब्रिएलचा चेहरा

३ ऑक्टोबर २०१६, सोमवार

बावीस माणसांसमोर! बावीस माणसांसमोर त्या बाईने माझं नाक कापलं!

गट चांगला होता. चार चर्च झाली, पायांचे तुकडे पडले तरी कुणी कुरकुर केली नाही. शेवटी नेहमीप्रमाणे सान जेनेझिओ चर्चमध्ये भित्तिचित्रापाशी आणलं. नेहमीप्रमाणे म्हटलं — 'आता फक्त या देवदूताच्या चेहऱ्याकडे बघा. गॅब्रिएल मेरीला, ती देवपुत्राची आई होणार, हा निरोप सांगायला आलाय, पण त्याचं मन होत नाहीये. साडेपाचशे वर्षं तो असाच अडखळून उभा आहे.' इथे लोक गप्प होतात. एकतीस वर्षं गाइड आहे मी, नेहमी गप्प होतात.

तर वर परांचीवरून आवाज — 'साडेपाचशे नाही हो बाई. फार तर पन्नास!'

आणि लोक हसले. हसले!

डॉ. तुल्लिया मारांगोनी. बोलोन्याहून भिंत तपासायला आली आहे. पोरगी पस्तिशीचीही नाही. तिला माहीत तरी आहे का ती भिंत कुणी वाचवली? सहासष्टच्या पुरात नदी त्या चर्चमध्ये छातीएवढी उभी होती, चिखल आणि तेल घेऊन. माझ्या बाबांनी दोन वर्षं त्या ओलीत उभं राहून ते चित्र जगवलं. मी आठ-नऊ वर्षांची, रोज त्यांचा डबा घेऊन जायचे.

४ नोव्हेंबरला पुराला पन्नास वर्षं होतात. त्या दिवशी चर्चच्या दाराशी बाबांच्या नावाची संगमरवरी पाटी लागणार आहे. भाषण मी करणार आहे. आणि आत्ताच हिला हे सुचलं!

५ ऑक्टोबर

आज एका गृहस्थाने विचारलं, 'तो खोटा चेहरा कुठला?' म्हणजे पसरलं सगळीकडे.

७ ऑक्टोबर

भांडायलाच गेले. म्हटलं, पुरावा काय? तिने शांतपणे एक फोटो पुढे केला. जानेवारी सदुसष्ट. चिखल उपसायला आलेल्या कुणा परदेशी विद्यार्थ्याने काढलेला. मेरी आहे. लिलीचं फूल आहे. गॅब्रिएलचा झगा आहे. आणि खांद्यांच्या वर — काही नाही. उघडा गिलावा. ओल वर चढून चेहराच गळून पडलेला!

'गळालेली जागा रिकामी ठेवतात, नाहीतर बारीक उभ्या रेघांनी भरतात,' ती म्हणाली. 'जवळून बघणाऱ्याला कळलं पाहिजे की हे नंतरचं आहे. इथे कुणीतरी सरळ नवा चेहरा रंगवला आणि जुना म्हणून खपवला.'

'माझे वडील असं करणार नाहीत.'

'मी त्यांचं नाव घेतलं का?'

त्या 'घेतलं का'ने तर अंगाची लाही झाली. फोटो तिच्या हातात कोंबून निघून आले. पण फोटो खरा होता, हे इथे लिहायला हरकत नाही.

८ ऑक्टोबर

बाबांना विचारलं. चौऱ्याऐंशीचे आहेत, हात थरथरतो, पण आवाज अजून तसाच. सूपचा वाडगा पुढ्यात होता, तो ढकलला.

'कोण ती? तिने कधी चिखलात पाय घातलाय? लोकांची घरं गेली होती, लोरे, दुकानं गेली होती. ती माणसं चर्चमध्ये येऊन त्या भोकाकडे बघत बसायची. मी त्यांना चेहरा दिला.'

'म्हणजे तुम्ही रंगवलात.'

'मग काय भुताने?'

एकतीस वर्षं! एकतीस वर्षं मी जगभरच्या लोकांना खोटं सांगत होते, आणि घरी येऊन हौसेने बाबांना सांगायचे की आज एक बाई रडली त्या चेहऱ्यापुढे. ते मान डोलवायचे. वर विचारायचे, 'किती वेळ रडली?'

भांडी घासताना एक पेला फोडला. मुद्दाम.

१२ ऑक्टोबर

फादर अत्तिलिओंना सगळं माहीत आहे! त्या तुल्लियाने अहवाल त्यांनाच दिला. म्हणतात — 'लोरेदाना, चेहरा सुंदर आहे, लोक गुडघे टेकतात, मग त्याचं वय कशाला काढायचं? पाटी लागू दे. मग वर्षभराने बघू काय छापायचं ते.' आणि माझा हात थोपटला. मी काय तापाने फणफणलेलं पोर आहे?

तरी मी हो म्हणून आले. बाबांसाठी. स्वतःचाच राग येतोय.

२० ऑक्टोबर

तुल्लियाने फोन करून बोलावलं. जाणार नव्हते, गेले. परांचीवर चढवलं मला. गुडघे कुरकुरले. इतक्या जवळून मी तो चेहरा कधीच पाहिला नव्हता. नाकाच्या बाजूला कुंचल्याचे फटकारे, केसाएवढे बारीक.

'उतार बघा,' ती म्हणाली. 'उजव्या हाताने छाया भरली तर फटकारे या बाजूला कलतात. हे सगळे उलटे आहेत. तुमचे वडील डावखुरे आहेत का?'

नाहीत.

माझा हात आपोआप उजव्या गालावर गेला. माझ्या आईची थप्पड नेहमी उजव्या गालावर बसायची. शाळेतल्या बाईंची डाव्या गालावर, आईची उजव्या.

 उतरताना तुल्लियाने हात धरला, आणि मी धरू दिला.

आईबद्दल या वहीत कधी लिहिलेलं नाही. नाव निवेस. त्रिएस्तेची. मी अकरा वर्षांची असताना एका सकाळी निघून गेली. बाबा म्हणाले, तिला आपण नको होतो. मी पंचवीसची झाले तेव्हा म्हणाले, ती तिकडे वारली. मी कबर कुठे आहे एवढंही विचारलं नाही. त्या न विचारण्याचा मला आजवर अभिमान होता.

२१ ऑक्टोबर

गल्लीतल्या एर्सिलिया मावशीकडे गेले. नव्वदीची आहे, पुरानंतर चर्चमधला चिखल उपसणाऱ्या बायकांत होती. सरळ विचारलं — त्या परांचीवर कोण होतं?

'इतकी वर्षं लागली होय गं तुला?' ती म्हणाली. 'तुझा बाप खाली उभा राहून शिव्या घालायचा. वर तुझी आई. तू डबा आणायचीस तेव्हा, तू कुठे बोलशील म्हणून, ती त्याला वर चढवायची आणि स्वतः खाली येऊन झाडू घ्यायची. बाईमाणूस भिंतीला हात लावतं हे काम देणाऱ्या सरकारी साहेबांना चाललं नसतं.'

'मग ती का गेली?'

'साहेब चित्र बघायला आले, तुझ्या बापाशी हात मिळवला. ती वाट बघत राहिली, हा आता नाव घेईल, आता घेईल. महिने गेले. मग भांडणं. आमच्या वेळी घर सोडलेल्या बाईला पोर देत नसत, बाई. कायदाच तसा होता. तुला मागायला दोनदा आली होती ती. दारातून परत गेली.'

'मला कुणी सांगितलं का नाही?'

'तू तिचं नाव काढलं की थुंकायचीस गं.'

२२ ऑक्टोबर

आज ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा बाबांवर ओरडले. ते खिडकीशी बसून राहिले. नाही म्हणाले नाहीत. फक्त — 'माझ्यापेक्षा चांगला हात होता तिचा. माझ्यापेक्षा चांगला.' दोनदा.

त्यांना रडू आलं. मी उठून कॉफी करायला गेले. एकच कप केला. माझा.

१ नोव्हेंबर

फादरचा फोन — भाषण लिहून झालं का, एकदा वाचून दाखवशील? म्हटलं, लिहीत नाही मी, नेहमी तोंडीच बोलते.

४ नोव्हेंबर, शुक्रवार

चर्च भरलेलं. बाबा पहिल्या रांगेत, इस्त्रीचा कोट घालून. तो कोट मीच त्यांच्या अंगावर चढवला, सकाळी. तुल्लिया खांबाला टेकून मागे.

मी म्हटलं — 'चित्राकडे बघा. झगा, फूल, मेरी, पंख — हे माझ्या वडिलांनी वाचवलं. चेहरा पुरात गेला. आज दिसतो तो अडुसष्टमध्ये निवेस कोसोविच नावाच्या बाईने रंगवला. ती माझी आई. तिचं नाव कुठेही लिहिलेलं नाही, या पाटीवरही नाही.'

फादरचं तोंड पांढरं पडलं. कुणीतरी मागून ओरडलं, 'लाज नाही वाटत? बाप समोर बसलाय!' मी म्हटलं, 'आहे ना समोर. विचारा की त्यांना.'

कुणी विचारलं नाही. पण बाबा उठले. काठीवर रेलून उभे राहिले, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले, 'खरं आहे.' मग खाली बसायला त्यांना कुणाचा आधार मिळेना. मी गेले.

हे मी त्यांना माफ केलं म्हणून नाही. पडले असते ते.

५ नोव्हेंबर

पेपरात आलं आहे. आईचं नाव, माझं नाव, गॅब्रिएलचा फोटो. पाटी सध्या कापडाखाली झाकलेली. बाबा खोलीतून बाहेर आले नाहीत. मीही आत गेले नाही.

७ नोव्हेंबर

सकाळी फोन. त्रिएस्तेचा नंबर. म्हाताऱ्या बाईचा चिडका आवाज — 'लोरेदाना? पेपर वाचला. अर्धवट सांगितलंस. पंखही माझेच आहेत!'