हलगीवर शिकलेला लष्करप्रमुख

अप्पा, तुमचा आफ्रिकेचा साहेब त्याच्या देशाचा लष्करप्रमुख झाला, आणि काल आपल्या घरी जेवून गेला! पुढंमागं पोलिसांच्या गाड्या, अख्खी गडमुडशिंगी दारात. आणि हे साहेब काय करतात, तर बूट काढून आधी घरामागं परड्यात जातात. "इथंच ना?" म्हणाले. इथंच की.

तेव्हा मी आठवीत. तुम्ही लष्करी अकादमीत कवायतीचे उस्ताद, आणि तो परदेशातून आलेला कॅडेट. दिवाळीच्या सुट्टीत त्याला घरी घेऊन आलात, कारण कवायतीत उजव्या पायाबरोबर डावा हात उठायच्या ऐवजी त्याचा हातही उजवाच उठायचा. सुट्टीनंतर कवायतीत पुन्हा नापास झाला, तर त्याला मायदेशी परत धाडणार होते. कॅडेटला झापतानाही उस्तादानं 'साहेब'च म्हणायचं, हा तुमच्याकडचा रिवाज. तुम्ही हिंदीत सुरू करता आणि राग चढला की मराठीवर येता, "साहेब, तुमी मानूस हायसा का रेडा?" तो टाच आपटून ओरडतो, "येस, उस्ताद!" चकल्या तळता तळता आई करवादते, "अवो, दोन घास खाऊ द्या की पोराला!" पाडव्याला गल्लीतून सजवलेल्या म्हशी निघाल्या, हलगी कडाडली, आणि काय झालं कुणास ठाऊक, त्याचे हातपाय एकदम ताळ्यावर आले. मी तर नाचलेच. तुम्ही हलगीवाल्याला ओढत परड्यात आणलंत आणि अंधार पडेपर्यंत दोघांनाही सोडलं नाहीत.

तो पास झाला, परत गेला, सीमेवर लढला, कर्नल झाला, शांतिसेनेत तुकडी घेऊन गेला. दर बढतीला फोन यायचा, "उस्ताद, साहेब बोलतोय." तुम्ही ब्रिगेडियरपर्यंतच ऐकलंत. पुढचं ऐकायला हवे होतात, अप्पा.

काल हात धुऊन ते तुमच्या फोटोपुढं उभे राहिले. छातीभर पदकं, पण आवाज पार खाली आलेला. हिंदीत विचारलं, "बहनजी, मी इथवर येईन असं उस्तादांना वाटलं होतं?" सगळं कमावून माणसाला तेवढंच हवं होतं. मी म्हणाले, "पहिल्या दिवसापासून म्हणत होते." त्यांनी डोळे पुसले, ताठ झाले आणि तुम्हाला कडक सॅल्यूट ठोकला.

आता तुम्हाला खरं सांगते. तुम्ही आईला काय म्हणाला होतात, ते मी ऐकलं होतं, "ह्यो नुसता कॅप्टन झाला तरी जोतिबाला गुलाल-खोबरं उधळीन." तुमचं ते राहूनच गेलं; उद्या मीच जाऊन उधळून येते. थाप मारली, तेवढी सांभाळून घ्या.