माझा दुसरा स्क्रीन

शनिवार, ११ मार्च २००६, कोल्हापूर

आज डोकं नुसतं भणभणतंय. मी डबा खायला उठले आणि प्रेसचे मालक, बापूसाहेब, माझ्या कॉम्प्युटरला जोडलेला दुसरा स्क्रीन परत उचलून बाहेर घेऊन गेले. कशाला? तर केबलच्या डबीला जोडून क्रिकेट बघायला! पत्रिका जुळवायला त्यावर मांडलेल्या विंडो कधी विस्कटतात, कधी गायबच होतात. रोज त्या जागेवर लावत कोण बसणार? मीच.

तेवढ्यात हुपरीचे एक चांदीवाले काका लेकीच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ बघायला आले. पत्रिका उघडली, पण दिसेचना. कॉम्प्युटरला दुसरा स्क्रीन अजून जोडलेलाच वाटत होता, म्हणून ती उघडत होती उचलून नेलेल्या स्क्रीनच्या जागी! बापूसाहेब बाहेरूनच ओरडले, "बाईमाणसाला झेपत न्हाय, म्हटलं हुतं की!"

गिऱ्हाइकासमोर असं बोलायचं? मी उठले, चालू मॅचमधून स्क्रीन काढून आणला आणि जोडला. पत्रिका समोर आली.

काका म्हणाले, "हितंच हाय की! मग बाईंचं काय चुकलं?"

बापूसाहेबांनी माफी वगैरे मागितली नाहीच. उलट संध्याकाळी पुन्हा स्क्रीन उचलायला आले. मी म्हणाले, "सोमवारी हा जागेवर नसला, तर मीही नसेन."

नोकरी गेली तर? जाऊ दे. शब्द मागे घेणार नाही.